खलाशाचा सवाल

माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कळलं नाही, आणि शाळा चौथीत सुटली. हे वाचणारं कोणी नाही हे ठाऊक आहे, तरी चुकांची माफी आधीच मागून ठेवते. चार माणसांत मी पदर सारखा केल्याशिवाय तोंड उघडत नाही, तसंच हे. पण परवा देवळात जे झालं त्यानंतर माझं कशात लक्ष नाही. काल भात करपला, आज चहात मीठ पडलं. म्हणून लिहिते.

माझ्या नणंदेने आफ्रिकेतल्या भाषांचा अभ्यास केला. त्यासाठी आमच्या गावच्या देवाचा पैसा घेतला. आणि त्या पैशाला जामीन राहिले मी, जिला वाण्याकडे गूळ मागतानाही घाम फुटतो.

मी लग्न होऊन ह्या घरी आले तेव्हा घरात दोनच माणसं होती, मामंजी आणि नणंद. सासूबाई आधीच गेलेल्या. आमचे हे मुंबईला गोदीत, चवथीला आणि शिमग्याला येणार. नणंद माझ्यापेक्षा थोडी लहान, तिला सगळे बाय म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

मामंजी तरुणपणी गलबतावर खलाशी होते. मग झांजिबारला उतरले आणि लवंगांच्या वखारीत मुकादम झाले. म्हातारपणी गावी आले ते तिथली भाषा तोंडात घेऊनच. नारळ मोजायचे ते मोजा, म्बिली, तातू असे. आमची म्हैस तर मराठीत कितीही ओरडा, ऐकायची नाही. मामंजींनी "पोले पोले" म्हटलं, म्हणजे हळूहळू, की शहाण्यासारखी उभी राहायची. मला पहिल्या वर्षी वाटायचं, म्हैसच झांजिबारची आहे की काय.

बाय ह्याच बोलण्यात वाढली. लहानपणी तिला वाटे की ही फक्त आपल्या घरातली भाषा, जसे आपल्या घरातले पितळेचे डबे. पुढे ती पुण्याला कॉलेजात गेली. तिथे भाषाशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी वर्गात विचारलं, कोणाच्या घरी काय बोलतात? कोणी कानडी सांगितली, कोणी अहिराणी. आमच्या बायने उभी राहून मामंजींची शिवी सांगितली. सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ही स्वाहिली आहे, बांटू भाषांच्या कुळातली. तिच्या बहिणी अर्ध्या आफ्रिकेत पसरल्या आहेत, आणि कितीतरी अजून कोणी लिहूनसुद्धा काढलेल्या नाहीत. त्या दिवसापासून बाय आमची राहिली नाही. म्हणजे आमचीच, पण डोळे कुठेतरी लांब.

त्या वर्षी मे महिन्यात ती घरी आली ती बिस्किटांचे रिकामे डबे घेऊन. मला म्हणाली, "वयनी, कागदाचे तुकडे कापून दी. सगळे एकाच मापाचे होये." मी कापत बसले. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मामंजी सुपारी कातरत बसायचे आणि ती समोर.

"बाबा, झाड?"

"म्ती."

"आणि पुष्कळ झाडां?"

"मिती. कित्याक, जंगल विकत घेतंस?"

"माणूस?"

"म्तू. आणि पुष्कळ झाली की वातू. पण झांजिबारचो एक म्तू असो होतो सांगू, रोज लवंगा चोरी, आणि चोरून परत माझ्याचकडे विकूक येय..."

झालं. मग तास दीड तास ती गजाल चाले. बाय चिडायची नाही. गजालीतले शब्दही ती पकडायची, जसा मासा उलटला तरी कोळी गळ सोडत नाही तशी. एक शब्द, एक चिठ्ठी. संध्याकाळी आम्ही दोघी चिठ्ठ्या डब्यांत टाकायचो. माणसांचा डबा वेगळा, झाडांचा वेगळा, सुरी-खुर्ची असल्या वस्तूंचा वेगळा.

मी विचारलं, "ह्या आपण वाटून घातलाव, की तेंचाच असा आसा?"

"तेंचाच, वयनी! त्या भाषेत जगातली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी डब्यात आसा. आणि ज्या डब्यातली वस्तू, त्याच डब्याची खूण तिच्या मागच्या शब्दांका लागता. सुरी म्हणजे किसू. पुष्कळ सुऱ्या म्हणजे विसू. आता दोन चांगल्या सुऱ्या बघ. विसू विझुरी विविली."

मी दोनदा म्हणून बघितलं. वि, वि, वि. आणि मला एकदम चवथ आठवली. "म्हणजे ठाणासारखा! चवथीक घरात एकच कापडाचा ठाण आणतत, आणि मग बापाशीचो सदरो, पोरांच्यो चड्डयो, चेडवांचे झगे सगळे त्याच कापडाचे. लांबसून बघलास तरी कळता, ही एका घरातली."

बायने हातातला डबा खाली टाकला आणि मला मिठी मारली. चिठ्ठ्या खळाभर झाल्या. मामंजी ओरडले, "काय झाला? साप?" मला त्या दिवशी काय झालं ते सांगता यायचं नाही. पाटा-वरवंटा, विळी, म्हैस, माड, ज्याकडे बघावं त्याला मी विचारू लागले, तू कुठच्या डब्यातला रे? माड म्हणजे म्नाझी, तो झाडांच्या डब्यात, आणि त्याचाच नारळ, नाझी, भलत्याच डब्यात. आंब्याचंही तसंच. आई एका घरात आणि लेक दुसऱ्या. मी हसत हसत पाणी भरायची. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, घोव मुंबईक आणि ही हसता कोणाक?

दोन वर्षांनी पुण्याहून बायचं पत्र आलं. तिला आफ्रिकेत जायची शिष्यवृत्ती मिळाली होती. समुद्रापासून आत, डोंगरात, एक भाषा होती, कोणी न लिहिलेली, ती लिहून आणायची. तिथला खर्च मिळणार होता. जायचं बोटीचं भाडं मात्र आपलं आपण करायचं. ते ह्यांच्या पगारात बसणारं नव्हतं. आणि पावसाळा तोंडावर आलेला. एकदा मालवणची बोट बंद झाली की मुंबईहून सुटणारी आफ्रिकेची बोटही चुकणार, आणि वृत्ती दुसऱ्याला जाणार.

आमच्या गावात देवाची पेटी आहे. देवाच्या जागेतल्या माडांचा लिलाव होतो, तो पैसा त्या पेटीत. कोणाला जाळं घ्यायचं असतं, कोणाला विहीर उपसायची असते, त्याला तो देतात. पण माणसं देत नाहीत, देव देतो. गावकार, म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतात, त्यातल्या मागणीला सवाल म्हणतात; गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही.

आम्ही गेलो. अर्धा गाव जमला, कारण चेडवासाठी, म्हणजे मुलीसाठी, देवाची पेटी उघडायची असं कधी झालंच नव्हतं. बाय पुढे, मी बायकांत खांबामागे. गावकारांनी पागोटं सारखं केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातला चेडू शिकाक म्हणान समुद्रापलीकडे जाता हा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"तेका सुखान जावक दी म्हाराजा! तुझ्या पेटयेतलो पैसो तेका दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावी पाकळी पडली. तीही अशी झटकन, की गुरवाचा हात अजून वरच होता.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बरा झाला. देवाकसुद्धा कळता, चेडवांका खंय धाडूचा ता." दोघंतिघं हसले. मामंजी काठी टेकून उठायला लागले. बाय पाषाणाकडे बघत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण पाठ दिसत होती, आणि ती पाठ मी पुढे कित्येक वर्षं विसरू शकले नाही.

आणि माझ्या डोक्यात गाऱ्हाणं परत परत वाजत होतं. त्यात काहीतरी नव्हतं. काय नव्हतं? माझा बाप आरोंद्याच्या खाडीत होडी घालायचा, आजा गलबतावर होता. त्यांच्यासाठी घातलेली गाऱ्हाणी मी लहानपणापासून ऐकली होती. ती अशी संपत नसत.

"खलाशाचो सवाल घालूक नाय तुमी," असं कोणीतरी म्हणालं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते मीच म्हटलं.

"कोण बोलला ता?" गावकार वळले.

"मुकादमाची सून," कोणीतरी सांगितलं.

"मोठ्यान सांग गो. देवाक आयकाक येता, माका येणा नाय."

मी खांब धरला. पण थांबता येईना. "तुमी सासराक धाडतत तसा मागितलात. जावक दी, जावक दी. ती परत येवची ह्या कोणीच मागूक नाय. गलबतावर माणूस जाता तेव्हा आपण काय मागतो? जाता तसो येवक दी. चेडू म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच, गेला म्हणजे गेला. देव तरी काय करतलो?"

गावकारांनी हनुवटी खाजवली. त्यांचा स्वतःचा मुलगा बोटीवर होता.

"खरा आसा," ते म्हणाले. "सवाल चुकलो."

गुरवाने नवीन पाकळ्या लावल्या. गावकारांनी ह्या वेळी आवाज चढवला, जसा ते होड्या पाण्यात ढकलायच्या दिवशी चढवतात.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातलो एक खलाशी दर्यार जाता हा. चेडू आसा, पण तू तेका खलाशी समजान घे म्हाराजा! जाता तसो परत येवक दी म्हाराजा! तुझो पैसो तुझ्या पायाकडे आणून घालूक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. दोन्ही तशाच. मग उजवी जरा सरकली, थांबली, पाण्याचा थेंब खाली आला आणि त्याच्या मागून ती.

केवढा गलका! मामंजी भर देवळात झांजिबारच्या भाषेत काहीतरी ओरडले. ती प्रार्थना होती की शिवी, बायने मला कधी सांगितलं नाही.

मग गावकार माझ्याकडे वळले. "सवाल जेचो, जामीन तेचो. रीत म्हायत आसा मा?"

रीत सगळ्यांनाच माहीत. देवाचा पैसा बाहेर असेपर्यंत जामीन माणसाने गावाबाहेर रात्र काढायची नाही. दिवसा कुठेही जा, दिवेलागणीला वेशीच्या आत. मालवणच्या बाजाराला जाऊन येता येतं. पण माझं माहेर आरोंद्याला. तिथून दिवसात परत येणं होत नाही. पैसा फिटेपर्यंत मला आई नाही, असा त्याचा अर्थ. मी मान हलवली. गावकार म्हणाले, मान नको, तोंडाने. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाय शेवटच्या बोटीने गेली. बंदरात बोट लांब उभी राहते, पडावातून तिच्यापर्यंत जायचं. पडावात उभी राहून ती ओरडली, "येतंय गो वयनी!" सगळे येतंयच म्हणतात निघताना, पण मी तेव्हा ते शब्द पकडून ठेवले.

पुढची दोन-अडीच वर्षं मी वेशीच्या आत होते आणि आफ्रिका पोस्टमनच्या पिशवीतून येत होती. तिची पत्रं मी मामंजींना मोठ्याने वाचून दाखवायची. अडखळले की ते म्हणायचे, पोले पोले. सुरुवातीला तिथली माणसं तिच्याशी बोलेनात. ही कोण बाई, कागद घेऊन शब्द मागणारी? मग एका संध्याकाळी तिने त्यांना आमच्या देवाचं गाऱ्हाणं घालून दाखवलं, आणि 'व्हय म्हाराजा' कुठे ओरडायचं ते हाताने सांगितलं. सगळा पाडा ओरडू लागला. मग त्यांचा म्हातारा उठला आणि त्याने त्यांचं गाऱ्हाणं घातलं, त्यालाही लोक तसंच उत्तर देतात! तिने लिहिलं होतं, "वयनी, त्या दिवसापासून लिहायला हात पुरत नाहीत." मी ते पत्र पदरात बांधून विहिरीवर गेले आणि कोणी विचारलं नाही तरी सांगितलं. मी! विहिरीवर!

त्यांच्या भाषेत स्वाहिलीपेक्षाही डबे जास्त निघाले. मी पत्रातून विचारलं, नवीन वस्तू आली, म्हणजे सायकल, तर ती कुठच्या डब्यात घालायची हे कोण ठरवतं? तिचं उत्तर आलं की आज दिवसभर मी हेच विचारत फिरले आणि लोक भांडले, फार मजा आली.

ह्या मधल्या काळात माझ्या भावाचं लग्न झालं. मला जाता आलं नाही. आईने लाडू पाठवले आणि निरोप पाठवला, "नणंद समुद्र ओलांडून गेली, आणि तुका आरोंद्याची खाडी ओलांडूक जमणा नाय?" लाडू चांगले होते. मी ते एकटीने बसून खाल्ले.

बाय परत आली. पडावातून उतरली तेव्हा काळीभोर झालेली, हाडं निघालेली, आणि काखेत एक पेटी. पैसे मात्र नव्हते. वृत्तीतून वाचवलेलं सगळं तिने त्या पेटीतल्या आवाज पकडायच्या यंत्रात घातलं होतं. गावात बोलणं सुरू झालं. "देवाचो पैसो आता पेटयेत बसान बोलतलो." एकीने मला तोंडावर म्हटलं, "जामीनबाई, माहेरची वाट इसारलंस मा?" मी घरी येऊन बायशी बोलले नाही. दोन दिवस भांडी जोरात आपटली.

तिसऱ्या दिवशी तिने ते यंत्र खळ्यात ठेवलं. बॅटरीवर चालणारं, दोन चाकं फिरणारं. आमच्याकडे वीज नव्हती, अजूनही नाही. मी पाठ करून भात सडत होते. यंत्रातून आधी खरखर, मग धप, धप, धप. माझं मुसळ हातात थांबलं. मुसळाचाच आवाज! बायका कांडत होत्या आणि गात होत्या. एक ओढायची, बाकीच्या उचलायच्या. मध्ये एकीला हसू आलं, गाणं तुटलं, दुसरीने तिला काहीतरी टोमणा मारला, आणि परत धप, धप.

मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मी मुसळ उचललं आणि त्यांच्या ठेक्यावर घातलं. चाकं फिरत होती आणि मी कांडत होते, आणि डोळ्यातून पाणी, आणि हसू. बाय ओरडली, "वयनी, थांबा नको!" कुंपणाशी बायका जमल्या. त्यांतली ती मला जामीनबाई म्हणणारी आत आली आणि दुसरं मुसळ मागू लागली.

मामंजी कान लावून ऐकत होते. शेवटी तोंड वाकडं करून म्हणाले, "अर्धा कळता, अर्धा नाय. ही बंदरावरची नाय. ही थंयची आतली, कुडाळकडली दिसतत."

बाय म्हणाली की हे वाक्य ती सरांना जसंच्या तसं सांगणार.

तो पावसाळा आम्ही चिठ्ठ्या लावण्यात काढला. डबे आता माझ्या उंचीएवढे रचले होते. ओल लागू नये म्हणून चुलीवरच्या फळीवर, सुक्या बांगड्यांशेजारी. बाय म्हणे, पुण्यातले लोक माझे कागद हुंगून विचारतात, ह्या भाषेला वास कसला गो? मग तिला पुण्यालाच नोकरी लागली, शिकवायची आणि शोधायची. एकदा परत जाऊन आली, त्या वेळी खर्च नोकरीवाल्यांचा. मामंजी मधल्या वर्षात गेले. शेवटी शेवटी त्यांचं मराठी सुटलं, पाणी मागायचे तेही झांजिबारचंच. मला सगळं कळत होतं. ते उपयोगी पडलं.

देवाचे पैसे ती पगारातून थोडे थोडे पाठवायची. कधी एखादा हप्ता चुकायचा, पुस्तक छापायला टाकलं तेव्हा तर बरेच दिवस काही आलं नाही. मग पुस्तक आलं. इंग्रजी, मला वाचता येत नाही. पण मध्ये पानंच्या पानं शब्दांच्या उभ्या ओळी आहेत, आणि त्या बघितल्याबरोबर मी ओळखलं. हा माणसांचा डबा. हा झाडांचा. हा तो, ज्यावर बांगड्यांचं तेल सांडलं होतं.

परवा बाय स्वतः आली. आधी कळवलंसुद्धा नाही. बाजारातून आल्यासारखी दारात उभी, म्हणाली, "पदर घे आणि चल."

देवळात गावकार होते, आता त्यांना खरंच ऐकू येत नाही. गुरव होता, आणि वाटेत आम्हाला बघून मागून आलेली दहा-वीस माणसं. बायने पुडकं गावकारांच्या हातात दिलं. त्यांनी ते मोजलं, मग गुरवाने मोजलं, मग गावकारांचा बोटीवरचा मुलगा, जो रजेवर आला होता, त्याने मोजलं. मी खांबापाशी उभी होते, पण खांबाच्या पुढे.

"बा देवा म्हाराजा!" गावकारांचा आवाज अजून तसाच आहे. "तुझो खलाशी गेलो तसो परत इलो म्हाराजा! तुझो पैसो तुझ्या पायाकडे इलो म्हाराजा! जामिनाचो पाय मोकळो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडले. बाय माझ्याकडे वळून बघतच राहिली.

गावकारांनी पेटी उघडली, पुडकं आत ठेवलं आणि कुलूप लावलं. मग मला म्हणाले, "फिटलो गो. सगळो फिटलो. आता माहेराक जावन खुशाल रव."